मूत्रपिंडाचा मुका विकार

श्रोतेहो, बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेस पूर्णेच्या खोऱ्यांत खारपाणपट्टा म्हणून ओळखला जाणारा प्रदेश आहे. शेगांव, संग्रामपूर व जळगांव-जामोद या तालुक्यांतील अनेक गांवांत विहीर खणावी तों खारें पाणी लागतें. तेथें मूत्रपिंडाच्या विकारानें माणसें दगावतात, ही हकीकत आपण वर्तमानपत्रांत वारंवार वाचतां. हा रोग वस्तींत खरोखर किती पसरला आहे, हें आज पाहूं.

रुग्णालयाच्या नोंदवहींत याचें उत्तर सांपडावयाचें नाहीं. कारण हा रोग मुका आहे. प्रत्येक मूत्रपिंडांत सुमारें 10 लक्ष सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही मूत्रपिंडें मिळून दिवसाकाठीं सुमारें 180 लिटर द्रव गाळतात. एवढी शिल्लक गांठीं असल्यामुळें निम्म्या गाळण्या निकामी झाल्या तरी मनुष्य शेतांत राबत असतो. सूज, दम, मळमळ हीं लक्षणें दिसूं लागतात, तोंवर बहुतेक भांडवल संपलेलें असतें. रुग्णालयांत मोजले जातात ते बहुधा शेवटच्या पायरीवरचे.

खरी मोजदाद करावयाची तर धडधाकट दिसणाऱ्यांचेंच रक्त व लघवी तपासली पाहिजे, आणि दोष आढळल्यास तीन महिन्यांनीं पुन्हां. कारण तितका काळ टिकलेल्या दोषासच दीर्घकालीन विकार म्हणतात. अशा पाहण्यांवरून बांधलेल्या अंदाजाप्रमाणें 2017 सालीं जगांत सुमारें 70 कोटि, म्हणजे शेंकडा 9 लोक, या विकारानें ग्रस्त होते. 2011 च्या खानेसुमारींत बुलढाणा जिल्ह्याची वस्ती सुमारें 25 लक्ष 86 हजार भरली. तिला जगाचेंच प्रमाण लावलें, तर आंकडा दोन लक्षांवर जातो. ही मोजदाद नव्हे, नुसतें त्रैराशिक. परंतु अशा रोग्यांपैकीं बहुतेकांना आपला रोग ठाऊकच नसतो.

गोडें पाणी हें खारपाणपट्ट्याचें हक्काचें मागणें आहे. तथापि जगभर या विकाराचीं मुख्य कारणें मधुमेह व वाढलेला रक्तदाब हीं आहेत, आणि तीं गोडें पाणी पिणाऱ्या घरांतहि शिरलीं आहेत. सारा दोष पाण्यावर टाकला, तर शहरांतील मनुष्य गाफील राहतो आणि खेड्यांतील मनुष्य रक्तदाब मोजवून घेत नाहीं.

म्हणून या दोहोंपैकीं एक व्याधि ज्यांना असेल, त्यांनीं वर्षांतून एकदां तरी लघवींतील प्रथिन व रक्तांतील क्रिएटिनीन तपासून घ्यावें. दुखणें थांबविणाऱ्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून नित्य घेऊं नयेत. वेळींच उमगलेला रोग पुष्कळदां औषधपथ्यानें थोपवितां येतो. उशिरां कळलेल्याच्या वांट्यास डायलिसिसचें यंत्र येतें. आपल्या घरांतील वडील मंडळींची तपासणी या महिन्यांतच करून घ्यावी, एवढी विनंति करून मी रजा घेतों.