नव्वद दिवसांची नोंद, दहा नाण्यांचं मोल

पहाडगंजात मराठीतून बोलायचं म्हटलं तर त्यात नवल नाही. आपली नूतन मराठी शाळा याच भागातली. पण बाहेरून येणाऱ्या मराठी माणसाला पहाडगंज ठाऊक असतं ते नवी दिल्ली स्टेशनाची लॉजवाली बाजू म्हणून. युपीएससीच्या मुलाखतीला आलेली मुलं, एम्समध्ये पेशंट दाखवायला आलेली कुटुंबं, यांतल्या अनेकांची दिल्लीतली पहिली रात्र इथंच जाते. हिवाळ्यात धुकं पडलं की या सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: गाडी वेळेवर पोचेल का? एक दिवस आधी निघावं की दोन?

कुणीतरी सांगतं, "ही गाडी निम्म्या वेळा उशिरा येते." हे झालं दीर्घकालीन वागणं. माझा आजचा प्रश्न त्यापुढचा आहे: या 'निम्म्या'वर भरवसा किती ठेवायचा? त्यातली चूक मोजायची कशी?

समजा, आपण एक सोपी गाडी कल्पनेतच बनवली. आज तिला उशीर झाला असेल, तर उद्याही उशीर होण्याची शक्यता ९० टक्के. आज ती वेळेवर आली असेल, तर उद्या उशिराची शक्यता १० टक्के. आकडे माझ्या मनातले आहेत, पण धुक्याची तऱ्हा अशीच असते. एकदा बसलं की चार दिवस हलत नाही. उद्याचं भवितव्य फक्त आजच्या स्थितीवर ठरतं, अशा प्रक्रियेला मार्कोव्ह साखळी म्हणतात. ही साखळी खूप दिवस चालवली, तर उशिराचं प्रमाण बरोबर ५० टक्क्यांवर येतं.

आता पहिली चूक बघा, सुरुवातीची. आज गाडी उशिरा आली आहे. तीन दिवसांनी उशिराची शक्यता किती? सुमारे ७६ टक्के. सात दिवसांनी ६०, दहा दिवसांनी ५५, वीस दिवसांनी ५०.६. म्हणजे 'निम्म्या वेळा' हे उत्तर वीस दिवसांनंतरच्या प्रवासाला चालेल, परवाच्या प्रवासाला मुळीच नाही. इथे ९० आणि १० यांतला फरक, म्हणजे ०.८, हा साखळीचा चिकटपणा. दर दिवशी उरलेली चूक ०.८ पट होते. ही चूक भराभर विरते.

दुसरी चूक जास्त फसवी आहे. मला ५० टक्के हा आकडा आधी माहीत नाही. मी ९० दिवसांची नोंद ठेवून तो काढणार. ९० वेळा नाणं उडवलं असतं, तर सरासरीतली नेहमीची चूक, म्हणजे प्रमाण विचलन, साधारण ५ टक्के गुणांची असती. पण आपले दिवस एकमेकांना चिकटलेले आहेत. चिकटपणा ०.८ असला की चुकीचा वर्ग (१ + ०.८) भागिले (१ − ०.८), म्हणजे ९ पटीने वाढतो. चूक तिप्पट होते, सुमारे १६ टक्के गुण. दुसऱ्या शब्दांत, नव्वद दिवसांच्या नोंदीत माहिती आहे ती फक्त दहा नाण्यांइतकी. वही भरलेली दिसते, पण हाताला लागतं तेवढंच. आणि ही चूक भराभर विरतही नाही. ती निम्मी करायची तर चौपट दिवस लागतात.

चिकटपणा उलटाही असतो. आंद्रेई मार्कोव्ह यांनी १९१३ साली पुश्किनच्या 'येव्हगेनी ओनेगिन'मधली २०,००० अक्षरं मोजली. स्वर निघाले ४३.२ टक्के. स्वरानंतर पुन्हा स्वर येण्याचं प्रमाण होतं ०.१२८, व्यंजनानंतर स्वर येण्याचं ०.६६३. फरक उणे ०.५३५. स्वर आणि व्यंजनं आलटून पालटून येतात, त्यामुळे सरासरी लवकर स्थिरावते. तेच सूत्र लावलं तर चुकीचा वर्ग ०.३ पट होतो, म्हणजे ही २०,००० अक्षरं जवळपास ६६,००० सुट्या अक्षरांच्या तोडीची ठरतात. घटना परस्परांपासून स्वतंत्र असतील तरच सरासरीचा नियम लागू पडतो, असं मानणाऱ्या नेक्रासोव्ह यांना मार्कोव्ह यांनी दिलेलं उत्तर याच अभ्यासमालेतलं.

तिसरी चूक आकाराची. सरासऱ्यांचं वाटप घंटेच्या आकाराच्या वक्रासारखं होतं, असं आपण गृहीत धरतो. स्वतंत्र घटनांसाठी त्या वक्रापासूनचं अंतर किती, याची हमी बेरी यांनी १९४१ साली आणि एसीन यांनी १९४२ साली दिली. 'शेवटी सगळं ठीक होतं' एवढ्यावर न थांबता 'इतक्या नोंदींनंतर चूक जास्तीत जास्त एवढी' असं सांगणं, हा या शास्त्राचा खरा कणा. यंत्रं चुकतमाकत शिकतात तिथेही प्रश्न हाच असतो. आयआयटी मुंबईचे विवेक बोरकर यांचं स्टोकॅस्टिक अप्रॉक्सिमेशनवरचं २००८ सालचं पुस्तक या विषयात जगभर वाचलं जातं.

प्रत्यक्षात चिकटपणा कोण सांगणार? त्यावर एक घरगुती उपाय आहे. नोंदीचे सलग तुकडे करा. नव्वद दिवसांचे पंधरा-पंधराचे सहा. प्रत्येकाची सरासरी काढा. या सहा सरासऱ्या एकमेकींपासून जितक्या लांब, तितकी एकूण आकड्यात चूक जास्त. फक्त तुकडे आखूड पाडू नका, नाहीतर चूक आहे त्याहून कमी दिसते. आणि जानेवारीच्या नोंदीत एप्रिल मिसळू नका. धुकं सरलं की साखळीच बदलते. तिथे कितीही दिवस मोजले तरी उपयोग नाही.

तेव्हा मुलाखतीला येणाऱ्या मुलांना माझं सांगणं एवढंच. तिकीट महिनाभर आधी काढताना दीर्घकालीन सरासरी बघा, पण ती किती दिवसांची आहे ते विचारा आणि तिच्या चुकीइतकी मोकळीक ठेवा. निघायच्या आठवड्यात मात्र सरासरी विसरा, काल-परवा गाडी कधी पोचली ते बघा. उशिराची माळ लागली असेल तर एक दिवस आधीची गाडी धरा. लॉजचं एका रात्रीचं भाडं जास्त जाईल. हुकलेली मुलाखत त्याहून फार महाग पडते.