केळापूर सापडत नाही



आपल्या यवतमाळ जिल्ह्यात तालुके 16. समजा, एक्सेलमध्ये पावसाचा तक्ता आहे. दर दिवसाची एक ओळ, दर तालुक्याचा एक रकाना. ती फाइल तुम्ही एक्सेलमधल्याच पॉवर क्वेरी या सोयीनं आपल्या वहीत जोडून घेतली आहे. रोज सकाळी 'रिफ्रेश' दाबायचं, आकडे हजर. आणि ऐन पावसाळ्यात एक दिवस संदेश येतो : 'केळापूर' हा रकाना सापडला नाही.

घाबरून जाऊ नका, आकडे बहुधा जागेवरच असतात. फाइल भरणाऱ्यानं त्या दिवशी वर 'पांढरकवडा' लिहिलेलं असतं. तालुका केळापूर, त्याचं मुख्यालय पांढरकवडा; आपल्याकडे दोन्ही नावं चालतात. पॉवर क्वेरी मात्र रकाना अक्षरन् अक्षर जुळवून ओळखते. उकार ऱ्हस्व झाला किंवा नावामागे एक स्पेस राहिली, तरी तिच्या लेखी तो रकाना निराळा.

ही नावं बहुतेकदा 'चेंज्ड टाइप' या पायरीत अडकलेली असतात. फाइल जोडताना ती पायरी आपोआप तयार होते, आपण लिहीत नाही, म्हणून आपल्या लक्षातही येत नाही. क्वेरी एडिटर उघडा. उजवीकडे 'अप्लाइड स्टेप्स' आहेत, त्यांवर वरून खाली एकेक क्लिक करत या. जिथं पहिल्यांदा चूक दिसेल, तिच्या आधीच्या पायरीवर थांबून शीर्षकं वाचा. कधी तिथं नुसतं 'कॉलम3' दिसतं. म्हणजे कुणीतरी तक्त्याच्या वर एखादी ओळ वाढवली आहे.

नाव दुरुस्त करा, काम सुरू होईल. पण कायमचा उपाय वेगळा आहे. ती आपोआप आलेली पायरी काढून टाका, तारखेचा रकाना निवडा आणि 'अनपिव्हट अदर कॉलम्स' करा. तालुक्यांची नावं मग शीर्षकात न राहता एकाच रकान्यात ओळीनं येतात. नाव बदललं तरी रिफ्रेश अडत नाही, आणि नवं नाव यादीत लगेच दिसतं. आकड्यांचा प्रकार शेवटी ठरवा.

एक कळकळीची विनंती. 'मिसिंगफील्ड डॉट यूजनल' लिहून चूक गप्प करता येते. हरवलेला रकाना मग रिकामा येतो. पावसाच्या तक्त्यात तसं करू नका. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, की अतिवृष्टी धरतात. रिकामा रकाना बेरजेत शून्यासारखाच वागतो, आणि त्या दिवशी केळापुरात कपाशी पाण्याखाली असू शकते. त्यापेक्षा फाइल भरणाऱ्याला फोन करा.