प्रश्न जुलैत, पैसा मार्चात

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



नाशिकमध्ये सकाळी साडेसात-आठच्या सुमारास दिंडोरी नाक्यावरून कधी गेलात, तर एक दृश्य हमखास दिसते. हातात डब्याची पिशवी, कडेवर मूल, डोक्याला बांधलेला फडका अशा बाया आणि त्यांच्याबरोबरची माणसे कामाची वाट पाहत उभी असतात. कुणी पेठचे, कुणी सुरगाण्याचे, कुणी हरसूलकडचे. पिकअप गाडी येते, मुकादम माणसे मोजून घेतो आणि गाडी द्राक्षबागांकडे निघून जाते. गेल्या हिवाळ्यात अशाच एका बाईंना मी विचारले, "ताई, मुलाचे नाव अंगणवाडीत घातले आहे ना?" त्या म्हणाल्या, "नाव तिकडं हाय, पोरगं इकडं हाय."

आज मी विधिमंडळातल्या चर्चेविषयी बोलणार आहे. पण माझ्या मते, त्या चर्चेत काय राहून जाते हे या बाईंच्या एका वाक्यात आले आहे.

महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ जागांपैकी २५ जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. आपल्या नाशिक जिल्ह्यात बागलाण, कळवण, दिंडोरी आणि इगतपुरी असे चार मतदारसंघ त्यात येतात, तर नंदुरबारचे चारही. २०११ च्या जनगणनेनुसार नाशिक जिल्ह्यात सुमारे १५ लाख ६४ हजार आदिवासी राहतात, म्हणजे चारांत एक माणूस. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकलाच आहे. आरोग्य विज्ञान विद्यापीठही १९९८ पासून इथेच आहे. तेव्हा हा प्रश्न दूरच्या कुणाचा नाही.

विधिमंडळाची वर्षाला तीन अधिवेशने होतात. अर्थसंकल्पी अधिवेशन मार्चच्या आसपास, पावसाळी जून-जुलैत आणि हिवाळी डिसेंबरात, सहसा नागपूरला. आता आदिवासी पाड्याचे वर्ष पाहा. पावसाळ्यात घरातली नागली, वरई, भात संपत आलेले असते. नदीनाल्यांना पूर येतो, वाटा बंद होतात, जुलाब आणि तापाची साथ येते. मुले दगावतात ती बहुधा याच दिवसांत. मग वर्तमानपत्रांत बातम्या येतात आणि सभागृहात लक्षवेधी लागते, विरोधक घोषणा देतात, मंत्री उत्तर देतात. दिवाळीनंतर, भाताची कापणी उरकली की कुटुंबे कामासाठी बाहेर पडतात. डिसेंबरात नागपूरला चर्चा चालू असते, तेव्हा पाड्यावर म्हातारी माणसे तेवढी राहिलेली असतात आणि मुले बागेच्या बांधावर झोळीत असतात. मार्चमध्ये सरकारचा पैसा खऱ्या अर्थाने ठरतो. त्या वेळी पाडा शांत असतो, बातमी नसते, म्हणून प्रश्नही नसतो.

थोडक्यात, आपण प्रश्न जुलैत विचारतो आणि पैसा मार्चात वाटतो. या दोहोंची गाठ पडत नाही.

सभागृहातला प्रश्न तुम्ही कधी छापील स्वरूपात वाचला आहे का? त्याची भाषा मोठी मजेशीर असते. सदस्य विचारतात, अमुक तालुक्यात इतकी बालके दगावली हे खरे आहे काय? उत्तर येते, "अंशतः खरे आहे." पुढचा उपप्रश्न, असल्यास शासनाने कोणती कार्यवाही केली? त्यालाही उत्तर असते. आणि शेवटी, कार्यवाही झाली नसल्यास विलंबाची कारणे काय? त्याला ठरलेले उत्तर, "प्रश्न उद्भवत नाही." वाद बहुतेक वेळा मृत्यूच्या कारणावर घसरतो. मूल कुपोषणाने गेले की न्युमोनियाने? सरकारी नोंदीत न्युमोनिया, जुलाब, कमी वजनाचे जन्मलेले बाळ असे लिहिलेले असते. डॉक्टर खोटे लिहीत नाहीत. पण ज्या मुलाच्या अंगात ताकद नाही, त्याला साधा जुलाबही पुरतो, हे आईला ठाऊक असते.

या चर्चांतून काहीच निघाले नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. १९९२ मध्ये जव्हार-मोखाड्याकडच्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी राज्य हादरले. पुढे १९९५ मध्ये नवसंजीवनी योजना आली. पाड्यापाड्यात स्वयंसेवक आणि पावसाळ्यात फिरणारी वैद्यकीय पथके त्यात होती. १९९३-९४ पासून, द. म. सुखटणकर समितीच्या शिफारशीवरून, राज्य योजनेतला लोकसंख्येच्या प्रमाणातला, म्हणजे सुमारे नऊ टक्के वाटा थेट आदिवासी विकास विभागाकडे देण्याची पद्धत सुरू झाली. डॉ. अभय बंग यांच्या गडचिरोलीतील कामाने दाखवून दिले, की गावातल्याच बाईला नीट शिकवले तर ती नवजात बाळाला घरच्या घरी वाचवू शकते. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी जातात, त्यामागे तो अनुभव आहे. २०१५ पासून अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे गरम जेवण मिळू लागले.

योजना आहेत. त्या मोडतात त्या बहुतेकदा वेळापत्रकापाशी. जेवण गावातल्या अंगणवाडीत आणि आई निफाडच्या बागेत. जेवणाचा दर ठरतो एकदा, डाळ आणि तेल महागते रोज. अलीकडे स्थलांतरित माता-बालकांचा माग ठेवणारी संगणकीय नोंद सरकारने सुरू केली, हे चांगले झाले. पण नोंदीने पोट भरत नाही. बागेजवळच्या अंगणवाडीने त्या मुलाला ताट वाढले पाहिजे.

खावटीचेच पाहा. १९७८ मध्ये सुरू झालेली खावटी कर्ज योजना होतीच मुळी पावसाळ्यातल्या उपासमारीसाठी, सावकाराच्या दारात जावे लागू नये म्हणून. ती पुढे बंद पडली. करोनाच्या काळात, २०२० मध्ये, चार हजार रुपयांचे खावटी अनुदान म्हणून ती परत आली. निम्मी रक्कम रोख, निम्मी वस्तूंच्या रूपाने. निर्णय झाला त्या वर्षीचा पावसाळा सरला आणि वाटप पुढच्या वर्षी चालू राहिले. भुकेला तारीख असते, ती फायलीला कळत नाही.

दुसरी गोष्ट माणसांची. नियम असा, की आदिवासी आणि डोंगराळ भागात तीन हजार लोकांमागे एक उपकेंद्र आणि वीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे. इमारती उभ्या राहतात, पण आतली खुर्ची भरलेली असेलच असे नाही. पेसा क्षेत्रातली सतरा संवर्गांची पदे स्थानिक आदिवासी उमेदवारांमधून भरायची, असे धोरण आहे. त्यात परिचारिका आहेत, आरोग्य कर्मचारी आहेत, अंगणवाडी पर्यवेक्षिका आहेत. ही भरती न्यायालयीन वादात अडकली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये तरुण मुलेमुली नाशिकला आदिवासी विकास भवनासमोर बसून राहिली. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी तेव्हाचे विधानसभा उपाध्यक्ष आणि दिंडोरीचे आमदार नरहरी झिरवाळ यांनी काही सहकारी लोकप्रतिनिधींसह मंत्रालयातल्या संरक्षक जाळीवर उडी घेतली. आरक्षणाचा वाद आणि ही भरती, अशी दोन्ही कारणे त्यामागे होती. त्या कृतीबद्दल मतभेद असू शकतात. पण सभागृहाच्या उपाध्यक्षांनाच सभागृहाबाहेर जाळीवर उतरावेसे वाटले, याचा विचार आपण सर्वांनी करायला हवा.

लोकांनी आपल्या परीने सांगून पाहिले आहे. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून हजारो शेतकरी, त्यातले बहुतेक आदिवासी, मुंबईपर्यंत चालत गेले. वनजमिनीबरोबर रेशन आणि निराधारांचे मानधन या मागण्याही त्यांच्या यादीत होत्या. मुलांच्या दहावीच्या परीक्षेला त्रास नको, म्हणून शेवटचा टप्पा ते रात्री चालले. सरकारने लेखी आश्वासन दिले. तरी २०१९ आणि २०२३ मध्ये पुन्हा चालायची वेळ आलीच. आणि २०२२ च्या अखेरीस सुरगाण्याच्या सीमेवरच्या काही गावांनी निवेदन दिले, की आम्हाला गुजरातला जोडा. जिल्ह्याचे रुग्णालय सुमारे नव्वद किलोमीटरवर नाशिकला, आणि धरमपूर-वांसदा त्या मानाने हाकेच्या अंतरावर. अडलेली बाळंतीण असेल तर माणूस राज्य बघत नाही, दवाखाना बघतो. त्यांचे म्हणणे रागाचे होते, पण त्यात आपल्यासाठी निरोप होता.

मग करायचे काय? विधिमंडळाकडे साधने पुष्कळ आहेत. दिलेल्या शब्दाचा पाठपुरावा करणारी आश्वासन समिती आहे. अनुसूचित जमाती कल्याण समिती आहे. राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीप्रमाणे जनजाती सल्लागार परिषद आहे. तिच्या वीसपर्यंत सदस्यांपैकी तीन चतुर्थांश आदिवासी आमदारच असतात. ही साधने वापरायची असतील तर ती पाऊस पडण्याच्या आधी वापरली पाहिजेत.

म्हणून माझी विनंती आपल्याला, श्रोत्यांना आहे. आपला आमदार राखीव जागेवरचा असो वा शहरातला, त्यांना फेब्रुवारीतच एक पत्र लिहा. तीन गोष्टी विचारा. या पावसाळ्याआधी सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरच्या आरोग्य केंद्रांतली कोणती पदे भरली जाणार? पावसात तुटणाऱ्या पाड्यांवर धान्य आणि औषधे मे अखेर पोचणार का? आणि द्राक्षहंगामात आमच्या तालुक्यात येणाऱ्या मुलांना कोणती अंगणवाडी जेवण देणार? तिन्ही प्रश्नांना "अंशतः खरे आहे" असे उत्तर देता येत नाही.

आणि आपल्यापैकी जे बागायतदार आहेत, त्यांना आणखी एक सांगणे. यंदा ऑक्टोबर छाटणीला मजूर आले, की त्यांच्याबरोबर आलेल्या मुलांची नावे आपल्या गावच्या अंगणवाडीताईंना कळवा. त्याला अधिवेशनाची वाट पाहावी लागत नाही.