ओळ कोठे तुटते?

टंकलेखन यंत्रावर तरफ ओढली की ओळ संपे. जुन्या लिपिकांना ते आठवत असेल. संगणकावरील लेखनचौकटीत मात्र 'एंटर' दाबताच पूर्वी प्रत्येक ब्राउझर स्वतःची खूण करी. क्रोम 'डिव्ह' हा कप्पा उघडतो. फायरफॉक्स २०१८ पूर्वी 'बीआर' ही ओळतोड घाली. २०२२ मध्ये निवृत्त झालेला इंटरनेट एक्सप्लोरर 'पी' हा परिच्छेद करी. साठवताना या खुणा गाळल्या, तर लाभार्थ्यांच्या यादीत दोन नावांचे एक होते. कुसुमाग्रजांच्या नाशकात कवितेची ओळ मोडलेली कोणास रुचेल? यास्तव प्रणाली रचणाऱ्याने या साऱ्या खुणांचे एकाच चिन्हात रूपांतर करून मजकूर साठवावा व दाखवताना त्या चिन्हाची पुन्हा ओळतोड करावी. ग्रामसभेची सूचना प्रसिद्ध करण्यापूर्वी ग्रामपंचायत अधिकाऱ्याने ती दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडून ओळीनिशी ताडून पाहावी.