नेट स्लो नाही, फोन कामात आहे

आजचा विषय आपल्या रोजच्या चिडचिडीचा. बातमी उघडली, हेडलाइन दिसली, मेनूवर टॅप केलं, तर काहीच नाही. दोन सेकंदांनी पान अचानक खाली सरकतं आणि बोट नेमकं जाहिरातीवर पडतं. आपण म्हणतो, 'छ्या, रेंज गेली.' पण वर तर फोर-जीचे सगळे दांडे दिसतायत! मग अडतं कुठे?

बऱ्याचदा अडतं ते फोनमध्येच. ब्राउझरमध्ये पानाची बरीचशी कामं मेन थ्रेड नावाच्या एकाच रांगेत होतात. टपरीवर एकच माणूस आहे असं समजा. चहा तोच करणार, कप तोच विसळणार, सुट्टे पैसेही तोच देणार. तसंच पानाची मांडणी करणं, जावास्क्रिप्ट चालवणं, तुमच्या टॅपला उत्तर देणं, सगळं त्याच्याच गळ्यात. एखादं काम ५० मिलिसेकंदांच्या वर गेलं की आम्ही त्याला लाँग टास्क म्हणतो. ते संपेपर्यंत तुमचा टॅप रांगेत उभा.

आता जाहिरात. आपल्याला वाटतं, जाहिरात म्हणजे एक चित्र. पण चित्र सगळ्यात शेवटी येतं! आधी एक स्क्रिप्ट येते, ती दुसरीला बोलावते, दुसरी तिसरीला. आमंत्रण एकाला द्यावं आणि त्याने अख्खी आळी जेवायला आणावी, तसं. त्यातली एक स्क्रिप्ट त्या रिकाम्या चौकोनाचा लिलाव लावते, आणि पान उघडेपर्यंत कंपन्यांच्या बोली लागतात. दुसरी बघते, जाहिरात खरंच दिसली का. तिसरी बघते, बघणारा कोण. आणि हे सगळं चालतं तुमच्या प्रोसेसरवर, तुमच्या बॅटरीवर, तुमच्या डेटा पॅकवर. महागड्या फोनला ते जाणवतही नाही. आठ-दहा हजारांच्या फोनची मात्र दमछाक होते.

फरक किती पडतो? मे २०१८ मध्ये युरोपात जीडीपीआर हा प्रायव्हसीचा कायदा लागू झाला. तेव्हा 'यूएसए टुडे'ने तिथल्या वाचकांसाठी जाहिराती आणि ट्रॅकिंगच्या स्क्रिप्ट काढलेली वेगळी साइट दिली. एका डेव्हलपरने दोन्ही मोजल्या. नेहमीचं पान ५.२ एमबी, हे सुमारे ५०० केबी. म्हणजे दहावा हिस्सा!

२०२० मध्ये क्रोमनेही नियम आणला. तुम्ही हात न लावलेल्या एखाद्या जाहिरातीने ४ एमबी डेटा खाल्ला, किंवा कुठल्याही ३० सेकंदांत १५ सेकंद प्रोसेसर अडवला, तर ती सरळ काढून टाकायची. पण ही मर्यादा एका जाहिरातीची आहे. पानावर दहा असतील, तर प्रत्येक जण नियमात आणि पान तरी ठप्प!

मग जाहिराती बंदच करायच्या का? नाही. बातमी फुकट वाचतो, तर बातमीदाराचा पगार त्यातूनच निघतो. प्रश्न जाहिरातीचा नाही, तिच्यामागच्या लटांबराचा आहे.

तुमच्यापैकी जे साइट बनवतात त्यांना तीन गोष्टी. एक, जाहिरातीची जागा आधीच राखून ठेवा, म्हणजे पान उडी मारणार नाही. दोन, वाचक जवळ पोचल्यावरच ती लोड करा. तीन, नुसतं 'एसिंक' लिहून मोकळे होऊ नका. त्याने डाउनलोड होताना पान अडत नाही, पण स्क्रिप्ट शेवटी चालते त्याच एकट्या माणसाकडे. आणि हो, दर महिन्याला टॅग मॅनेजर उघडून बघा. मार्केटिंगवाले टॅग टाकतात, मोहीम संपते, टॅग तिथेच राहतो. काढायची जबाबदारी कोणाचीच नसते.

टेस्ट करताना क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये सीपीयू चार पट स्लो करा आणि स्वतःची साइट वापरून बघा. तुमच्या बऱ्याच वाचकांना ती रोज तशीच दिसते.

आणि बाकीच्यांनो, पुढच्या वेळी पान अडकलं तर सिमवाल्या कंपनीला शिव्या द्यायच्या आधी जरा थांबा. दोष तिचा असेलच असं नाही! चला, भेटू पुढच्या भागात.