हात कुणाचा मोजता?

मोडनिंबात उभं राहून घरपट्टीवर बोलायचं म्हणजे क्रांतीची भाषा सोडून पावतीबुकात शिरणं. शिरलंच पाहिजे. ‘वाढीला गावाचा पाठिंबा आहे’ असं कुणी म्हणालं की मी विचारतो, मोजला कसा?

ग्रामसभेला कायद्यानं १५ टक्के किंवा १०० मतदार, जे कमी असेल तेवढे पुरे. हजारोंच्या गावात शंभर डोकी! तीही भर दिवसा, आपली माय दुसऱ्याच्या रानात रोजानं वाकलेली असते तेव्हा. आली तरी हात वर करणार कुणासमोर? उद्या ज्याच्या बांधावर जायचंय त्याच्याच. मतपेटीत मत झाकलेलं, इथं हात उघडा.

१९३२ साली मुंबई कौन्सिलात ग्रामपंचायत बिलावर बाबासाहेबांनी अस्पृश्यांसाठी राखीव जागा मागितल्या, त्या गावाचं बहुमत ओळखून होते म्हणूनच. आता जागा आहेत. पण १९५८च्या ग्रामपंचायत कायद्याचं कलम १४ वाचा: बिल हातात पडल्यापासून तीन महिन्यांत कर भरला नाही तर सदस्यत्वाला अपात्र. म्हणजे न झेपणारी पट्टी खुर्चीही नेते.

मी पट्टीविरुद्ध नाही. गटार पैशानंच होतं. पण संध्याकाळी, चूल पेटल्यावर, वस्तीत दारोदार जा. विचारा, किती झेपेल, कशासाठी देशील? चिठ्ठीवर घ्या. नाव नको.