लिहून वाजवायचे संगीत



साहित्यसंस्थेच्या व्याख्यानमालेत संगीताचा विषय नवा नाही. पण मोबाइलवर कोड लिहून केलेले इलेक्ट्रॉनिक संगीत असा विषय जाहीर झाल्यावर एका ज्येष्ठ सभासदांनी मला विचारले, ‘हे व्याख्यान आहे की मोबाइल दुरुस्तीचा वर्ग?’ त्यांना दिलेले उत्तर इथेही देतो. हा विषय लिहिण्याचा आहे. या संगीतात वाद्य हाती नसते, हाती मजकूर असतो. मजकूर वाजतो आणि वाजत असतानाच तो बदलता येतो. मराठीत ‘बोल’ हा एकच शब्द बोलण्यालाही आहे आणि तबल्यावरच्या आघातालाही. आजचे सगळे या एका शब्दाभोवती फिरणार आहे.

आधी करायचे काय ते सांगतो. स्ट्रूडल नावाची एक मोफत प्रणाली आहे. ती २०२२मध्ये ॲलेक्स मॅक्लीन आणि फेलिक्स रूस यांच्या कामातून पुढे आली. ती ब्राउझरमध्ये चालते, म्हणजे साध्या मोबाइलवरही चालते. तिचा मूळ नियम आपल्याला परका वाटणार नाही. अवतरणचिन्हांत जे लिहाल ते एका आवर्तनात बसते. चार शब्द लिहिले तर प्रत्येकाला पाव आवर्तन मिळते. पाचवा शब्द घातला तर आवर्तन लांबत नाही, पाचही जण सरकून बसतात. आपल्या सिटी बसमध्ये बसतात तसे. एका शब्दाच्या जागी चौकटी कंसात दोन शब्द लिहिले, तर त्या एका जागेत ते दोघे मावतात:

धा [ति ट] धा ना

याचा अर्थ आपल्याला कोणी शिकवायला नको. पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या स्वरलिपीत एका मात्रेत दोन किंवा चार स्वर घ्यायचे असले, की त्यांच्याखाली चंद्रकोरीसारखी रेघ काढतात. चौकटी कंस म्हणजे तीच चंद्रकोर, फक्त खालची वर आलेली. स्वर लांबवायला भातखंडे पुढे आडवी रेघ देतात, इथेही लांबवण्याची खूण आहे. फरक पुढे सुरू होतो. भातखंड्यांची लिपी झालेले गाणे नोंदवते, ही लिपी व्हायचे गाणे चालवते. ‘दर चौथ्या आवर्तनाला हे उलटे वाच’ अशी आज्ञा तिच्यात लिहिता येते. पाच मात्रांचा तुकडा तीनदा आणि मध्ये एकेक मात्रा मोकळी, असे सतरा होतात. पहिल्या मात्रेपासून सुरू केलेली ही तिहाई त्रितालात बरोबर समेवर उतरते. ते गणित यंत्र बिनचूक करते. तिहाई कुठे घ्यायची आणि कुठे घेऊ नये, हे मात्र ते सांगत नाही.

आता ही लिपी आली कुठून, ते पाहू. आपल्या मंडळींना ही हकीकत फारशी ठाऊक नाही, म्हणून तिला थोडा जास्त वेळ देतो.

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जेम्स किपेन नावाचे एक इंग्रज अभ्यासक लखनौ घराण्याचे खलिफा उस्ताद आफाक हुसेन खाँ यांच्याकडे तबला शिकत होते. त्यांना प्रश्न पडला तो कायद्याचा. कायद्याचे पलटे अगणित होऊ शकतात, पण उस्तादांना त्यातला एखादा ऐकताच कळते की हा बरोबर आणि हा चूक. मग हे व्याकरण लिहून काढता येईल का? बर्नार्ड बेल या फ्रेंच संगणकतज्ज्ञाने त्यासाठी एक प्रणाली रचली आणि तिचे नाव ठेवले ‘बोल प्रोसेसर’. वर्ड प्रोसेसर शब्दांचा, तसा हा बोलांचा. ॲपल टू-सी हा उचलून नेता येईल असा छोटा संगणक त्यासाठी वापरला गेला. त्याची स्मृती होती १२८ किलोबाइट. आज तुमच्या खिशातल्या फोनमध्ये नातवाने पाठवलेले एक छायाचित्रही तेवढ्यात मावणार नाही.

पद्धत अशी होती. संगणकात नियम घालायचे, त्याने त्या नियमांनी पलटे तयार करायचे आणि उस्तादांनी ते ऐकून निवाडा द्यायचा. ‘हे चालेल, हे आमच्याकडचे नाही.’ मग नियम दुरुस्त करायचे आणि पुन्हा ऐकवायचे. मला या प्रयोगात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे, की यंत्र शिष्याच्या जागी बसले होते. परीक्षकाची जागा उस्तादांनी सोडली नाही. आज यंत्र संगीत ‘निर्माण’ करते म्हणून जी धांदल चालली आहे, तिच्यात हा क्रम पुष्कळदा उलटा झालेला दिसतो.

बेल यांनी पुढे बोल प्रोसेसर वाढवला. वेगवेगळ्या लांबीच्या बोलांच्या ओळी महिरपी कंसात एकत्र ठेवून एकाच वेळी चालवण्याची लेखनपद्धती त्यात आली. इंग्लंडमध्ये ॲलेक्स मॅक्लीन यांनी टायडल सायकल्स ही प्रणाली तयार केली, तेव्हा तिच्या लिपीसाठी त्यांनी बोल प्रोसेसरकडून घेतले आणि तसे मोकळेपणाने सांगितले. टायडलचीच ब्राउझरमधली धाकटी बहीण म्हणजे स्ट्रूडल. लंडन-शेफील्डच्या तळघरांत तरुण मुले पडद्यावर कोड दाखवत ज्या तालावर नाचतात, त्या लिपीचा एक धागा लखनौच्या एका तबलजीच्या बैठकीपर्यंत मागे जातो. तेव्हा ‘हे पाश्चात्त्यांचे खूळ’ असे म्हणण्याआधी जरा थांबावे.

याच बर्नार्ड बेल यांचा दुसरा धागा थेट आपल्या भाषेत येतो. पुण्याला गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे काम सुरू केले होते. गावोगाव पिठाच्या गिरण्या पोचल्या, जाती कोपऱ्यात गेली आणि त्याबरोबर ओव्याही जाऊ लागल्या, अशा वेळचे हे काम. महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जमवल्या. १९९०च्या दशकात बेल त्यांना येऊन मिळाले. त्यांनी ओव्यांची संगणकावर नोंद केली आणि शंभराहून अधिक तासांचे ध्वनिमुद्रण झाले. २०१७पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ ते लोकांपुढे आणत आहे. ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज त्यात आहे. ताडकळस परभणी जिल्ह्यात आहे आणि परभणी १९५६पर्यंत याच हैदराबादच्या राज्यात होती. म्हणजे त्या आवाजाशी आपले नाते पुण्यामुंबईपेक्षा जवळचे आहे.

इथे माझ्यासारख्या, फोनवर आवाज कापून जोडणाऱ्या माणसापुढे प्रश्न उभा राहतो. स्ट्रूडलमध्ये कोणताही ध्वनी आणून त्याचे तुकडे करता येतात. नल्लकुंट्याच्या भाजीबाजारातला तराजूचा खणखणाट, शंकर मठातली घंटा, पावसात पत्र्यावर पडणारे थेंब, हे सगळे मी वापरले आहे. (नल्लकुंटा म्हणजे तेलुगूत काळे तळे. तळ्याचा आवाज मात्र मला कुठेच मिळाला नाही.) मग गंगूबाईंचा आवाज का नको? एक ओळ घ्यायची, तिचे आठ तुकडे करायचे, उलटसुलट लावायचे, खाली ठोका द्यायचा. पाच मिनिटांचे काम आहे, ऐकायला झकास लागेल. परदेशात आणि आपल्याकडेही लोकगायकांच्या ध्वनिमुद्रणांचे असे सर्रास चालते.

मी ते करत नाही, आणि याचे कारण भाबडेपणा नव्हे. घंटेला अर्थ नसतो, ओवीला असतो. ओवी म्हणजे एका बाईने आपल्या भावाविषयी, लेकीविषयी, सासुरवासाविषयी पहाटेच्या अंधारात केलेले विधान आहे. ते आपण कवितासंग्रहात छापताना शब्दांची मोडतोड करत नाही. छापण्यात दुसरे नुकसान आपण फार पूर्वीच केले आहे, आणि ते साहित्यिकांनी केले आहे. ओवीखालचे जाते आपण काढून टाकले. पुस्तकातली ओवी वाचताना तिचे चरण आखूड-लांब का होतात ते कळत नाही, कारण ज्या फेऱ्यावर ते बसले होते तो फेरा कागदावर नाही. तेव्हा आवाज कापण्याऐवजी उलटे काम करून पाहावे असे मला वाटले. ओवीला हात लावायचा नाही, तिच्याखालचे जाते कोडमध्ये लिहायचे.

जाते लिहिणे सोपे वाटते आणि सोपे नाही. सुरुवात खरखरीपासून करायची. पडद्यावरच्या एका शब्दाने पांढरी खरखर मिळते, जुन्या रेडिओवर दोन स्टेशनांच्या मधली. तिच्यातले वरचे स्वर गाळणीने काढले की दगडाची घरघर होते. ही गाळणी प्रत्येक फेऱ्यात एकदा उघडायची आणि मिटायची, कारण खुंटा एका बाजूने ओढताना हात जोर करतो आणि दुसरीकडे ढकलताना तो कमी पडतो. इथवर ठीक. पण यंत्राचे आवर्तन घड्याळासारखे समान असते आणि जात्याचे तसे नसते. मूठभर दाणे वैरले की जाते जड होते, पीठ पडत जाईल तसे हलके. दोघी समोरासमोर बसल्या तर वेग वेगळा. ओवीच्या शेवटी दम घेताना हातही किंचित रेंगाळतो. म्हणून वेगात हळू चढउतार घालावा लागतो. तो यदृच्छेने घातला तर खोटा वाटतो, वैरण्याच्या हिशेबाने घातला तर थोडा खरा वाटू लागतो. हे काम करताना ओवीच्या छंदाबद्दल मला जे समजले, ते छंदःशास्त्राच्या पुस्तकांतून समजले नव्हते. लघु-गुरू मोजून ओवी सापडत नाही. फेरा मोजावा लागतो.

प्रयोगशील संगीत म्हटले की गोंगाट, असा समज आहे आणि तो अगदीच निराधार नाही. पण प्रयोग म्हणजे तपासणी, हाही अर्थ आहे. आपल्याकडे त्याची परंपरा आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१०मध्ये बावीस श्रुतींवर आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. तार ताणून, कंपनसंख्या मोजून त्यांनी स्वर निश्चित केले आणि त्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याची मदत घेतली. क्लेमंट्स या न्यायाधीशांनी त्या आधारे श्रुती-हार्मोनियम बनवून घेतली. १९१६च्या बडोद्याच्या परिषदेत तिच्यावरून वाद झडले. ती हार्मोनियम लंडनहून आणवावी लागली होती. आज तोच प्रयोग फोनवर एका ओळीत होतो. षड्ज २४० धरला, तर शुद्ध गंधार पाच-चतुर्थांश, म्हणजे ३००. साध्या हार्मोनियमचा गंधार सुमारे ३०२.४ येतो. दोन्ही एकदम वाजवले की सेकंदाला अडीचेक वेळा आवाज फुगतो आणि ओसरतो. ‘पेटी सुरात नाही’ या जुन्या तक्रारीचा इतका ढळढळीत पुरावा कुणाही श्रोत्याला कानांनी पटतो. देवलांना हे यंत्र मिळायला हवे होते.

अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९मध्ये डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर बसवला आणि गीता साराभाई, आय. एस. माथुर आदींनी त्यावर काम केले, हेही या संदर्भात आठवावे. तो स्टुडिओ चारपाच वर्षांत थंडावला आणि फिती कपाटात राहिल्या. महाग यंत्र संस्थेच्या आधाराने जगते आणि संस्थेचे लक्ष दुसरीकडे गेले की मरते. फोनला तो धोका नाही. त्याचे धोके वेगळे, आणि बरेचसे क्षुल्लक. कंस टाइप करायला कळफलक दोनदा पालटावा लागतो. फोनच्या चिमुकल्या स्पीकरमधून खर्ज निघत नाही, त्यामुळे डग्गा जवळजवळ नाहीसाच होतो, म्हणून कानाला हेडफोन हवा. बिनतारी हेडफोनमध्ये आवाज जरा उशिरा येतो. तबलजीला तो उशीर जीवघेणा आहे, लिहिणाऱ्याला नाही. कारण तो ठोका मारत नसतो, पुढच्या आवर्तनात काय व्हावे ते लिहीत असतो.

राहिला भाषेचा प्रश्न. या प्रणालीच्या आज्ञा इंग्रजीत आहेत. पण ती ज्या जावास्क्रिप्ट भाषेवर उभी आहे, तिच्यात आपण ठेवायची नावे देवनागरीत चालतात. मी ‘खुंटा’, ‘वैरण’, ‘पीठ’ अशीच नावे ठेवतो. त्याने आवाजात फरक पडत नाही. पण आठवड्याने तो मजकूर पुन्हा उघडला तर काय कुठे आहे ते मला चटकन कळते, आणि माझ्या शेजारच्या बाईंना, ज्यांनी लहानपणी जाते ओढले आहे, पडदा वाचून ‘वैरण इतकी भराभर नसते हो’ असे सांगता आले. उस्तादांच्या जागी इथे त्या बसल्या होत्या. त्यांच्या सांगण्यावरून वैरण दर तिसऱ्या फेऱ्याऐवजी दर सातव्या फेऱ्याला नेली.

आता ऐकवतो. पडद्यावर अकरा ओळी दिसतील. पहिल्या चार दगडाच्या, पुढच्या तीन हाताच्या जोराच्या, दोन वैरणीच्या, एक बांगड्यांची. शेवटची ओळ मी कोरी ठेवली आहे, ती गळ्याची आहे. सभागृहात कुणाला ओवी येत असेल, तर दोनतीन फेरे ऐकून बसल्या जागेवरून सुरू करावी. सुरात नसली तरी चालेल. वेग मी तुमच्याकडे बघून कमीजास्त करीन.